बर्फाचा चटका

परभणीच्या उन्हाळ्यांत ज्यानें चार दिवस काढले आहेत, त्याला बर्फाची थोरवी निराळी सांगावयास नको. वैशाखांत पारा ४२ अंशांच्या वर चढतो, दुपारीं रस्ते ओस पडतात आणि माठांतलें पाणीहि कोमट लागूं लागतें. आमच्या लहानपणीं बर्फ घरांत होत नसे. पाहुणे यावयाचे असले किंवा कोणाला ताप चढला असला, म्हणजे बाजारांतून लाकडाच्या भुशांत घोळलेली व गोणपाटांत गुंडाळलेली लादी येई; आणि सायकलीवरून घरीं पोंचेपर्यंत तिचा अर्धा जीव पाणी होऊन गेलेला असे. आतां घरोघर फ्रिज आहे व त्याच्या वरच्या खणांत बारमास बर्फ आहे. अप्रूप संपलें, आणि अप्रुपाबरोबर धाकहि संपला. विस्तवाशीं खेळूं नये हें आपण रांगत्या मुलाला शिकवितों. बर्फाशीं खेळूं नये असें कोणीं कोणाला शिकविल्याचें आम्हांस आठवत नाहीं. थंड तें सौम्य, थंड तें निरुपद्रवी, अशीच आपणां सर्वांची समजूत असते. ही समजूत आमच्या घराला गेल्या उन्हाळ्यांत महागांत पडली.

पुढील हकीकत आमच्याच घरांतील आहे. जिच्यावर ती गुदरली, तिच्या संमतीनेंच आम्ही ती लिहीत आहों. किंबहुना ‘काका, तुम्ही हें लिहाच’ असा तिचाच आग्रह पडला.

आमचें तिघां भावांचें एकत्र कुटुंब आहे. थोरल्या बंधूंच्या मुलाची बायको, म्हणजे आमची धाकटी सूनबाई, गेल्या मार्गशीर्षांत बाळंत झाली. पोटावर शस्त्रक्रिया करून मूल काढावें लागलें. मूल गोमटें व धडधाकट झाल्यामुळें घरांत आनंदीआनंद होता. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, भातावर तुपाची धार झाली. ‘अंगावर पितें मूल आहे, नीट खा,’ असें म्हणून सासूनें, आजेसासूनें व चुलत सासूनें तिच्या पानांत वाढलें. आणि पांच महिन्यांनीं, ज्येष्ठांतल्या एका लग्नासाठीं तिनें पेटींतील पैठणी काढली, तेव्हां चोळी बसेना. ज्या घरानें तिला लाडू भरविले होते, तेंच घर तिला हंसूं लागलें.

त्या हंसण्यांत आमचा वांटा मोठा होता. लग्न गंगाखेडास होतें. रात्रीं पंगतीला आम्ही तिला म्हटलें, “सूनबाई, पूर्वींच्या बायका पहांटे उठून दोन पायली दळीत. गंगाखेड तर जनाबाईचें गांव. तेथें जातेच आहेस, तर येतांना एक जातें घेऊन ये!” सगळे हंसले. तीहि हंसली. ती हंसली म्हणून आम्ही आपला विनोद साधला असें समजलों. सासरच्या पंगतींत सुनेला न हंसण्याची सोय नसते, हें साठी उलटलेल्या माणसाला कळावयास हवें होतें.

आमचा दुसरा अपराध विद्येचा आहे. आम्हीं सारी हयात शाळेंत विज्ञान शिकविण्यांत घालविली, आणि निवृत्तीनंतरहि ती खोड गेलेली नाहीं. त्याच आठवड्यांत मुलांसाठीं आइस्क्रीमचा संचा फिरवावयाचा होता. बर्फांत खडेमीठ टाकतांना आम्हीं मुलांना समजावून दिलें, कीं नुसता वितळता बर्फ शून्य अंशावरच राहतो. मीठ पडलें कीं तो झपाट्यानें वितळूं लागतो, त्यासाठीं लागणारी उष्णता भोंवतालून ओढून घेतो, आणि प्रमाण नीट साधलें तर हें मिश्रण शून्याच्या खालीं २१ अंशांपर्यंत उतरतें. मुलें ऐकत होतीं, आणि दाराशीं मूल कडेवर घेऊन सूनबाईहि ऐकत होती.

इकडे तिच्या हातांतील मोबाइल तिला निराळेंच कांहीं शिकवीत होता. मोठ्या शहरांत म्हणे चरबी गोठवून काढण्याचें यंत्र असतें. चाकू नाहीं, रक्त नाहीं, तासभर पडून राहावें आणि पोट आपोआप उतरावें. त्याला हजारों रुपये पडतात. परंतु बर्फच तो. घरच्या बर्फानें तेंच काम फुकटांत कां होऊं नये? असें सांगणाऱ्या आणि पट्ट्यानें पोटाला बर्फ बांधून दाखविणाऱ्या बायकांचीं चित्रें तिनें पाहिलीं. आठ-नऊ रात्री तिनें शेकण्याच्या निळ्या थंड पिशव्या पोटाला बांधून पाहिल्या. फ्रिजचा वरचा खण सदा पिशव्यांनीं भरलेला दिसे; आमच्या मातोश्री कुरकुरत, पण बाळाच्या तापासाठीं तयारी असेल असें सगळ्यांना वाटे. पोट कांहीं उतरेना. तेव्हां तिला आमचा धडा आठवला. दहाव्या रात्रीं तिनें प्लॅस्टिकच्या पिशवींत बर्फ व मूठभर खडेमीठ घातलें, खालीं पातळ फडक्याचा एक पदर ठेवला, आणि बाळंतपणाच्या पट्ट्यानें तें सारें घट्ट आवळून ती आडवी झाली.

अर्धा तास ठेवावयाचें असें तिनें ठरविलें होतें. पण रात्रींतून चार वेळां उठणारी लेकुरवाळी ती. पाठ टेकतांच डोळा लागला. दोन तासांनीं मूल रडलें तेव्हां ती जागी झाली. पट्टा सोडून पाहते, तों तळहाताएवढी जागा मेणासारखी पांढरी व कठीण झालेली. बोट लावलें तर कळेना. दुखत नाहीं, अर्थीं कांहीं झालेलें नाहीं, असा तिनें निष्कर्ष काढला. सकाळीं ती जागा लाल होऊन सुजली. दुपारीं तिच्यावर पाण्यानें भरलेले फोड आले. संध्याकाळीं मुलाला उचलण्यासाठीं ती वांकूं शकेना, तेव्हां आमच्या वहिनींनीं तिला आंत नेऊन पाहिलें, आणि घराला प्रथमच कळलें.

मग प्रत्येकाचे उपाय सुरू झाले. मातोश्री म्हणाल्या, “गारठ्यानें झालें आहे, चांगलें शेका.” गरम पाण्याची पिशवी भरूनहि झाली. कोणी म्हणालें तूप चोळा, कोणी म्हणालें फोड फोडून मोकळे करा. सुदैवानें आमच्या सौभाग्यवतींनीं आधीं डॉक्टरांना फोन लावला, आणि पलीकडून पहिलें वाक्य आलें तें हें: कांहींहि चोळूं नका, शेकूं नका, फोडांना हात लावूं नका, स्वच्छ कपडा झांकून तिला घेऊन या.

डॉक्टरांनीं जें सांगितलें, तें आम्ही येथें आमच्या शब्दांत देतों. भाजण्यानें जशी कातडी मरते, तशीच ती गोठण्यानेंहि मरते. थंडी लागतांच कातडींतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात व रक्त फिरकेनासें होतें. त्याहून थंडी वाढली तर पेशींभोंवतीं व पेशींत पाण्याचे स्फटिक होतात. आणि जागा पुन्हा ऊब धरूं लागली म्हणजे सूज व फोड येतात. हिमालयांतील सैनिकांचीं व गिर्यारोहकांचीं बोटें झडतात तीं याच कारणानें. परभणींत, वैशाखांत, पलंगावर पडल्या पडल्या असा हिमदंश होऊं शकेल, हें आमच्या स्वप्नींहि आलें नव्हतें! यांत सर्वांत कपटी भाग असा कीं, थंडी प्रथम संवेदनाच बधिर करते. विस्तव लागला कीं हात आपोआप मागें येतो. बर्फ मात्र आधीं पहारेकऱ्याला झोंपवितो व मग घरांत शिरतो. म्हणून न दुखणें ही अशा वेळीं शुभ खूण नसून धोक्याची खूण होय. गोठलेली जागा चोळली तर आंतील स्फटिकांनीं अधिकच इजा होते. बधिर जागेवर गरम पिशवी ठेवली तर किती चटका बसतो तें कळत नाहीं आणि गोठण्यावर भाजणें चढतें. लगेच लक्षांत आलें तर बर्फ दूर करून ती जागा कोमट पाण्यानें, म्हणजे अंगाच्या उष्णतेइतक्याच किंवा किंचित अधिक ऊन पाण्यानें, पूर्ववत् करावी आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

सूनबाईच्या बाबतींत आणखी एक गोष्ट होती. शस्त्रक्रियेच्या व्रणाभोंवतालची कातडी पुष्कळ महिने बधिर राहते, कारण कापतांना तेथले बारीक मज्जातंतू तुटलेले असतात. तिनें बर्फ बांधला तो नेमका त्याच जागीं. मधुमेहानें ज्यांच्या पायांची जाणीव मंदावली आहे त्यांनाहि हाच धोका असतो. थंडीनें ज्यांच्या बोटांचा रंग पांढरा-निळा होतो, अंगावर गांधी उठतात किंवा ज्यांच्या रक्तांतील कांहीं द्रव्यें थंडीनें सांकळतात, त्यांना तर यंत्रानेंहि हा उपचार करूं नये असें शास्त्र सांगतें.

हें वेड मुळांत निघालें कोठून, याचा शोध घेतल्यावांचून आमच्यांतील मास्तर स्वस्थ बसेना. मूळ गोष्ट खोटी नाहीं. आपल्याकडे पौषांत खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि ती उन्हांत ठेवावी लागते. तिच्या शेजारच्या तांब्यांतलें पाणी मात्र पाणीच राहतें. येथील कृषि विद्यापीठाच्या आवारांत पारा कधींकधीं ५ अंशांच्याहि खालीं उतरतो, तेव्हां तर तुपाला सुरी लावावी लागते. स्निग्ध पदार्थ पाण्याच्या आधीं थिजतात. शरीरांतील चरबीचेंहि तसेंच आहे. कातडी गोठण्याच्या पुष्कळ आधीं चरबीच्या पेशींतील स्नेह थिजतो आणि त्या पेशी दुखावतात. १९७० सालीं अमेरिकेंतील एपस्टाइन व ओरेन या डॉक्टरांनीं एका तान्ह्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. बर्फाची कांडी चोखल्यानें त्याच्या गालांतील चरबी सुजून कठीण झाली होती. अशा निरीक्षणांवरून बोस्टन येथील डीटर मॅनस्टाइन व रॉक्स अँडरसन यांनीं डुकरांवर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. पुढें २०१० सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें कमरेच्या बाजूंच्या चरबीसाठीं अशा यंत्रास परवानगी दिली.

पण यंत्र काय करतें, हें पहा. तें चरबीची वळकटी हवेच्या ओढीनें आंत खेंचून थंड पट्ट्यांच्या मध्यें धरतें, म्हणजे तेथला ऊन रक्ताचा पुरवठा मंदावतो व थंडी खोलवर जाते. कातडीच्या रक्षणासाठीं विशिष्ट लेपाचें फडकें मध्यें असतें. क्षणोक्षणीं तापमान मोजलें जातें, आणि तें मर्यादेबाहेर गेलें तर यंत्र आपण होऊन थांबतें. घरच्या पिशवीला ना ओढ, ना लेप, ना मापक, ना थांबणें. फ्रिजच्या बर्फखणांतून काढलेली पिशवी शून्याखालीं १८ अंशांच्या सुमारास असते. तिची सारी थंडी वरच्या वर कातडीलाच बसते, आणि खालची चरबी वाहत्या रक्ताच्या उबेंत सुखरूप राहते. जो बर्फ कातडी राखतो तो चरबीपर्यंत पोंचत नाहीं; आणि जो चरबीपर्यंत पोंचेल तो कातडी राखीत नाहीं. सूनबाईच्या पहिल्या नऊ रात्री पहिल्या प्रकारच्या होत्या, दहावी दुसऱ्या!

यंत्र तरी निर्धोक आहे काय? त्यानें साधलें तर त्या जागेच्या चरबीचा थर पांचव्या-चौथ्या हिश्शानें पातळ होतो, तोहि दोन-तीन महिन्यांनीं. वजन कमी होत नाहीं. आणि क्वचित् उलटेंच घडतें. लिंडा इव्हँजेलिस्टा ही कॅनडाची जगप्रसिद्ध रूपसुंदरी. जाहिरातींतील चेहरा म्हणून जिनें नांव मिळविलें, तिनें २०२१ सालीं जाहीर केलें, कीं या उपचारानंतर चरबी घटण्याऐवजीं त्या त्या जागीं वाढून कठीण झाली, शस्त्रक्रियांनींहि तिचें मूळ रूप परत आलें नाहीं आणि आपण वर्षानुवर्षें घराबाहेर पडलों नाहीं. तिचा दावा २०२२ सालीं तडजोडीनें मिटला. हा दुष्परिणाम वैद्यकाला २०१४ पासून ठाऊक आहे. शिकलेल्या हातांतील यंत्राची ही कथा. मग पट्टा आणि खडेमीठ यांची काय कथा!

आतां यापुढची गोष्ट ऐकून आम्ही खरोखर खजील झालों. प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनीं सूनबाईला तपासलें, आणि सांगितलें कीं, जें वाढलेलें पोट म्हणून आम्ही हंसत होतों, त्यांत चरबी थोडीच होती. गरोदरपणांत पोटाचे दोन उभे स्नायू ताणून एकमेकांपासून दूर सरतात. बाळंतपणानंतर ते कित्येकींचे लवकर जवळ येत नाहींत आणि पोट पुढें ओघळलेलें दिसतें. त्याला बर्फ काय करणार? त्याला हवे असतात कांहीं महिने, श्वासाचे व पोटाचे ठराविक सोपे व्यायाम, आणि पुरेशी झोंप. ही शेवटची वस्तु आमच्या भरल्या घरांत तिला कोणीं दिली नव्हती.

त्यांनीं आणखी एक गोष्ट सांगितली, ती आम्हां पुरुषांसाठीं होती. पोटाची खरी घातक चरबी चिमटींत धरतां येते ती नव्हे. ती स्नायूंच्या भिंतीच्या आंत, आंतडीं व यकृत यांच्याभोंवतीं बसते, आणि तिच्यापर्यंत बर्फ काय, यंत्रहि पोंचत नाहीं. या संबंधांत पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत त्यांनीं व त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनीं स्वतःचेच आंकडे शेजारीं शेजारीं छापले. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, आणि याज्ञिकांच्या शरीरांत २१.२! दिसावयास आपण सडपातळ आणि आंतून मेदस्वी, ही आपल्या देशाची प्रकृति. म्हणून भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आंत असावी असें डॉक्टर सांगतात. घरीं येऊन आम्हीं शिवणाची फीत काढली. आमची कंबर ९९ भरली, थोरल्या बंधूंची १०२. ज्या पंगतींत सुनेचें पोट हंसण्याचा विषय झालें, त्या पंगतींत दोन मधुमेही पुरुष श्रीखंडाची दुसरी वाटी मागत बसले होते, आणि त्यांच्या पोटावर कोणीं विनोद केला नव्हता.

मातोश्रींचें वय आज ८८ आहे. जात्याचा विनोद त्यांच्यासमोरच झाला होता. एके संध्याकाळीं त्या आम्हांस म्हणाल्या, “अरे, जात्याचें कौतुक तूं काय सांगतोस? तूं कधीं ओढलेंस काय? ओढलें तें आम्हीं. माझी जाऊ चौथ्या बाळंतपणांत गेली. तिची कंबर बारीकच होती. बारीक होती म्हणून वांचली नाहीं.” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, आजहि सुचत नाहीं.

आपल्या पूर्वजांचें मत पाहावें म्हणून आम्हीं चरकसंहिता काढली. सूत्रस्थानाच्या २१व्या अध्यायांत आठ प्रकारचीं शरीरें निंदित म्हणून सांगितलीं आहेत: अति उंच, अति ठेंगणें, अति केसाळ, केसविरहित, अति काळें, अति गोरें, अति लठ्ठ आणि अति कृश. लठ्ठपणाचे दोष चरकानें सविस्तर सांगितले आहेत, यांत शंका नाहीं. पण अति गोरें आणि अति कृश हींहि त्याच यादींत आहेत, हें स्थळें पाहणाऱ्या किती मंडळींना ठाऊक असेल? चरकानें दोष दिला तो अतिरेकाला. आपण मात्र एक अतिरेक दोष म्हणून टाकला आणि दुसरा सौंदर्य म्हणून देव्हाऱ्यांत बसविला.

सूनबाईची जखम भरून यावयास सहा आठवडे लागले. लग्नाला ती आली नाहीं. आणि ती नाहीं म्हणून तिची सासूहि गेली नाहीं. तळहाताएवढा काळसर डाग उरला आहे. तो फिका होईल, बहुधा पुरता जाणार नाहीं. पैठणीची चोळी आमच्या सौभाग्यवतींनीं दोन बोटें उसवून दिली. तें काम अर्ध्या तासाचें होतें. तें आधीं कोणाला कां सुचलें नाहीं, याचें उत्तर घरांतल्या प्रत्येकानें आपापल्या मनाशीं द्यावें.

आमच्याकडे आतां दोन नियम झाले आहेत. पंगतींत कोणाच्या अंगकाठीविषयीं बोलावयाचें नाहीं. पाहुण्यानें विषय काढला तर भाजी कशी झाली आहे तें विचारावयाचें. आणि संध्याकाळीं घरांतील पुरुषांनींच प्रथम चालावयास बाहेर पडावयाचें. त्या वेळीं मूल आमच्यापैकीं कोणाच्या तरी कडेवर असतें आणि सूनबाई तासभर निजते. बर्फ अजूनहि घरांत आहे. मुरगळलेल्या पायाला तो लावतों, पण जाड कपड्यांत गुंडाळून, घड्याळ समोर ठेवून, पंधरा-वीस मिनिटांच्या पलीकडे नाहीं, आणि निजणाऱ्याला कधींच नाहीं.

वाचकांच्या घरींहि एखादी लेक, सून किंवा कॉलेजांत जाणारा मुलगा खोलीचें दार लावून स्वतःच्या शरीराशीं असा कांहीं खेळ करीत असेल. त्याला मोबाइल शिकवितो हें खरें; पण दार लावून घेण्याची पाळी त्याच्यावर कोण आणतें, हें आपण आपल्याच पंगतींत बसून एकदां तपासून पाहावें. आम्हीं पाहिलें, तें थोडें उशिरां.